पल्ला

चुलतभावाने कॅमेरा दिला, नुसती बॉडी.
लेन्स त्याने आधीच विकल्या होत्या, हप्ते फेडायला.
सहा आठवडे ती माझ्या स्वेटरांच्या घडीत होती,
तोंडावर काळं झाकण.
रात्री झाकण काढून आत बघायचे :
एक तिरका, नखाएवढा आरसा,
ज्यात मी दिसत नव्हते.

पुंता अरेनासमध्ये लेन्स दोन-तीन ठिकाणी मिळतात,
उधारीवर मात्र कुसानोविचकडेच.
त्याचं दुकान त्या कोपऱ्यावर आहे
जिथे वारा माजला की
माणसांना धरायला दोर बांधतात.
दोर सोडून मी आत शिरले. केस तोंडात.

त्याने मखमलीवर तिघींना मांडलं.
"ही अठरा ते पंचावन्न. हिच्यात सगळं मावतं,
केक, पाहुणे, पाहुण्यांचं कुत्रं.
मेणबत्त्या विझल्या की मात्र हिला काही सुचत नाही.
ही पन्नास. अंधारातही बघते.
झूम नाही. झूम म्हणजे तुझे पाय.
आणि ही..."
ही वीतभर लांब होती. सत्तर ते तीनशे.
"हिच्यातून डोंगर दुरूनसुद्धा साजरे राहत नाहीत, यास्ना.
पुटकुळ्या दिसतात."

खिडकीतून लावून बघितली.
धक्का, पोर्वेनीरची फेरी,
माझीच तिकीटखिडकी, तिच्यावरची माझीच चिठ्ठी
"सुटे द्या".
पलीकडे खांबावर एक पाणकावळा
पंखाखाली चोच घालून खाजवत होता,
इतका निवांत, की मीच नजर काढून घेतली.

किंमत दीड पगार.
पन्नास घेतली.

अकरा दिवस चालले.
कप्तानाचा कान. पावाची कड.
ओल्या दोराचा पीळ, त्यात अडकलेलं पीस.
कालाफातेच्या मुरंब्याने जांभळी झालेली
भाचीची जीभ.
पाय पोचत होते, काच बघत होती,
कुसानोविचचं सगळं खरं होतं.

फक्त आई.
बावीस वर्षं खेकड्यांच्या कारखान्यात,
पुढचे तीन दात गेले तेव्हापासून
कुणी चार पावलांवर आलं की
तिचा हात आपोआप तोंडावर जातो.
हसतानाही. जांभईतही. माझ्यासमोरही.
अकरा दिवसांत माझ्याकडे जमले
आईच्या हाताचे चाळीस फोटो.
चांगले आहेत. नखांतलं मीठसुद्धा आलंय.

बाराव्या दिवशी पन्नास काउंटरवर ठेवली.
कुसानोविचने दिव्याखाली फिरवून ओरखडा शोधला,
सापडला नाही, तरी भाव पाडला.
"पाय दमले?"
"नाही," म्हटलं, "पोचतात. तेच तर."
त्याने पुढे विचारलं नाही.
हप्त्यांच्या वहीत माझं नाव दुसऱ्यांदा लिहिलं,
पहिल्याच्या खाली, जरा मोठ्या अक्षरात.

पाळी सुटायची वेळ, रस्त्यापलीकडे मी,
मासळीच्या ट्रकाआड.
लपले होते, खोटं कशाला सांगू.
फाटकातून सात बायका बाहेर पडल्या
आणि ओर्लान्दिना काहीतरी बोलली,
काय ते लेन्सला ऐकू येत नाही.
नेमका त्याच क्षणी वाऱ्याने आईचा रुमाल ओढला,
तिचे दोन्ही हात डोक्याकडे धावले
आणि तोंड उघडं राहिलं,
हसणारं, सगळं,
दातांसकट, दातांवाचून.

पाच काढले. वारा माझ्याही कोपराला लागत होता.
चार नुसतेच धूसर, एक
जरासाच हललाय.

कुणाला दाखवला नाही.
तिला विचारून काढला नाही, विचारलं असतं तर
तो झालाच नसता,
या दोन वाक्यांतलं कुठलं मोठं
ते मला अजून ठरवता येत नाही.

रात्री बटाटे सोलताना आई म्हणाली,
"एवढं मोठं नळकांडं घेऊन काय बघतेस गं?"
"सामुद्रधुनी," म्हटलं. "पलीकडचा किनारा."
"दिसतो?"
"दिसतो."
तिने हात तोंडावर नेला. हातात बटाटा होता,
तोच नेला.

अजून सात हप्ते आहेत.